गौरीपुढची मिठाची फांदी

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका आमच्या गल्लीत आधी गौर बघत नसत. गौरीखालच्या पायऱ्यांवर काय अंथरले आहे, ते बघत. शालू अंथरला असेल तर घरात शालू आहे हे कळे, आणि धुतलेले धोतर असेल तर तेही कळे. मग पायऱ्यांवर मांडलेल्या वस्तूंकडे नजर जाई, आणि सगळ्यांत शेवटी पितळी झोपाळ्यात बसलेल्या बोटभर देवीकडे. हे सगळे मला बायकोने सांगितलेले. त्या संध्याकाळी पुरुषांनी घराबाहेर राहायचे, अशी रीत होती. मी तलावाकाठी जाऊन बसत असे.

आम्ही तेव्हा ठाण्यात, टेंभीनाक्याजवळ, दोन खोल्यांत राहत होतो. मी, माझी आई आणि नुकतीच घरात आलेली बायको. मी खाडीवरच्या मिठाच्या चौकीत कारकून होतो. वय पंचविशीचे, अक्षर चांगले आणि स्वतःविषयीचे मतही चांगले.

आरास करायला घरात फारसे काही नव्हते. दोन पाट, एक पेटी आणि चार विटा एकावर एक रचून आई पायऱ्या करी. बाकीचे बायको करी. तिचे माहेर कल्याणचे, आणि तिकडच्या बायकांचा हात भाज्या-फळे कोरण्यात बसलेला. महिनाभर आधी टोपलीत गहू पेरून ती पहिल्या पायरीवर वीतभर उंचीचे हिरवे शेत उभे करी. हरभऱ्याच्या डाळीची नदी त्या शेतातून वाहवी. काकडीची होडी, त्या होडीत भेंडीचा नावाडी. कैरीचे पोपट, चोचीला लाल मिरचीचा तुकडा. कलिंगडाचे मात्र मला कधी कळले नाही. ती साध्या विळीवर बसे, फळ हातात फिरवत राही, आणि थोड्या वेळाने तिच्या मांडीवर पाकळ्यांवर पाकळ्या असलेले एक तांबडे कमळ असे. मी समोर बसून बघितलेले आहे. कोणत्या क्षणी त्या फळाचे फूल झाले, ते मला एकदाही पकडता आले नाही.

पण पहिल्या वर्षी गल्लीतल्या वकिलीणबाईंनी ही आरास बघून पन्ह्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "कल्याणला काकड्या स्वस्त दिसतात." सगळ्या हसल्या. बायकोही हसली. रात्री जेवताना तिने मला हे वाक्य तीनदा सांगितले, आणि तिन्ही वेळा वेगळ्या आवाजात.

पुढच्या वर्षीच्या चैत्राआधी मी मिठागरात एक गोष्ट पाहिली, आणि तिथून हे सगळे सुरू झाले.

खाडीपलीकडे मिठागरे होती. भरतीचे पाणी बांधाच्या फटीतून पहिल्या तळ्यात घ्यायचे, तिथे ते तापवायचे, तिथून दुसऱ्या तळ्यात, आणि सरतेशेवटी अगदी उथळ वाफ्यांत. होळी उलटली की त्या वाफ्यांतले पाणी इतके दाट होई की वारा आला तरी त्यावर लाट उठत नसे. माझे काम चौकीत बसून परवाने लिहायचे. मिठावर सरकारचा कर असल्यामुळे परवान्याशिवाय आगरातले चिमूटभर मीठही बाहेर न्यायचे नाही, असा कायदा होता.

एका दुपारी मिठाच्या राशी बघायला म्हणून मी बांधावरून चाललो होतो. बांधाच्या टोकाला आगरी लोकांच्या गावदेवीचे देऊळ होते. देऊळ म्हणजे कुडाचे छप्पर आणि त्याखाली शेंदूर लावलेला दगड. त्या दगडापुढे काहीतरी उभे होते. मला आधी वाटले, कोणीतरी काचेचे झुंबर फोडून त्याचे लोलक फांदीला बांधले आहेत. जवळ गेलो. करवंदीची एक वाळलेली फांदी होती, हातभर उंच, आणि तिच्या प्रत्येक काट्यावर, प्रत्येक पेरावर मीठ धरले होते. आपण घरात वापरतो तसे मीठ नव्हे. चौकोनी, आरपार दिसणारे खडे, एकाच्या खांद्यावर दुसरा, दुसऱ्याच्या कडेवर तिसरा, आणि सगळ्यांच्या कडा जणू कोणी पट्टी लावून कापल्यासारख्या सरळ. ऊन त्यातून जात होते आणि पलीकडच्या शेंदरावर त्याचे लहान लहान तुकडे पडले होते.

मी उन्हात किती वेळ उभा राहिलो ते मला आठवत नाही. रोज शेकडो मण मीठ माझ्या डोळ्यांखालून जात होते. मिठात हे असते, हे मला माहीत नव्हते.

"जास्ती बघू नका दादा, लाजते ती," मागून कोणीतरी म्हणाले.

ती आगरात काम करणारी बाई होती. नवरा-बायको दोघे मिळून मालकाचे सहा वाफे राखत. सकाळच्या वेळी ती होडीने ठाण्यात येऊन आमच्या गल्लीत माठ, मुळा, कैऱ्या विकत असे, म्हणून मी तिला ओळखत होतो. वयाने माझ्याएवढीच असेल. ती म्हणाली, की मोसमाचे पहिले मीठ पडले की गावातली एक बाई अशी फांदी धरवते आणि देवीला देते. यंदा पाळी तिची होती.

"हे धरवतात कसं?" मी विचारले.

"धरवायला काय लागते? सोडून द्यायची. हात लावला नाय की धरते."

मी घरी येऊन बायकोला सांगितले. तिने हातातले काम खाली ठेवले. खडे केवढे, रंग कसा, फांदी कशाची, असे एकेक विचारत राहिली, आणि मग पुन्हा तांदूळ निवडायला लागली. तिने मागितले नाही. ते मी मागितले. हे मला इथे स्पष्ट लिहायचे आहे, कारण पुढे जे सांगितले गेले ते याच्या उलट होते.

दोन दिवसांनी मी आगरात जाऊन त्या बाईला म्हणालो, "आमच्या गौरीला एक फांदी धरवून दे. याच्याहून मोठी."

तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "आमी फांटी आगराच्या भायेर नेत नाय दादा. देऊल बांधावरच हाय ना, म्हनून चालते. भायेर नेली की ती चोरी."

"चौकीवर कोण बसतो?"

"तुमी."

"मग तुला कोण अडवणार? आणि आमचीही गौरच आहे. देवीलाच जायची आहे."

ती म्हणाली, "तुमी सांगता म्हनून." तिचा नवरा फावडे टेकून पलीकडच्या वाफ्यात उभा होता. त्याने मान हलवली, नको म्हणून. तिने ते पाहिले आणि मीही पाहिले.

मला परवाना लिहिता आला असता. दोन ओळींचे काम होते. पण त्यात फांदीचे वजन काय लिहायचे आणि कारण काय लिहायचे, लोक हसतील, असे वाटून मी तो लिहिला नाही. एवढ्याशा लाजेपायी.

पुढचे आठ दिवस मी रोज काही ना काही निमित्त काढून त्या फांदीकडे जात होतो. तिने खोपीच्या सावलीत एक रुंद तोंडाचा माठ जमिनीत गळ्यापर्यंत पुरला होता. करवंदीची फांदी सुतळीने आडव्या काठीला टांगून त्यात उलटी सोडली होती. वाफ्यातले सगळ्यांत दाट पाणी गाळून त्यात भरले होते. उन्हात ठेवले तर मीठ घाईने धरते आणि खडा बारीक, पांढरा, आंधळा होतो. सावलीत हळू धरते, तेव्हा डोळा येतो. आरपार दिसणाऱ्या खड्याला ती डोळा म्हणे. दर दोन दिवसांनी ती कडेकडेने नवे पाणी घाली, इतके सावकाश की फांदी हलत नसे. तिसऱ्या दिवशी काट्यांच्या टोकांवर मोहरीएवढे दाणे दिसले. पाचव्या दिवशी ते तुरीएवढे झाले, आणि मला त्यांच्या कडा दिसू लागल्या. कोणी त्यांना चौकोनी व्हायला सांगितले होते? मी इंग्रजी शाळेत भूमिती शिकलो होतो. काटकोन काढायला आम्हाला गुण्या लागे आणि तरीही तो चुके. इथे एका गढूळ खाडीचे पाणी सावलीत स्वस्थ बसून शेकडो काटकोन काढत होते आणि एकही चुकत नव्हता.

मी तिला म्हणालो, "तुला हे रोज बघून काही वाटत नाही का?"

"वाटते ना," ती म्हणाली. "म्हनून तर देवीला देतो. आपल्यापाशी ठेवून काय करनार?"

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी ती फांदी भाजीच्या पाटीत, भाताच्या तुसांत पुरून, वर माठाच्या भाजीच्या जुड्या रचून घेऊन आली. चौकीवरून जाताना शिपायाने पाटीकडे बघितले आणि मग माझ्याकडे. मी म्हणालो, "जाऊ दे, भाजी आहे." घरी तिने तुसे झटकून फांदी काढली आणि बायकोला म्हणाली, "चुलीच्या उबेला ठेव बाय. गार हवा लागली की घाम येते हिला." बायकोने ती हातात घेतली. त्या बाईने खालून आपला हात धरला. दोघी तशाच काही वेळ उभ्या राहिल्या. मी दारातून बघत होतो.

आईला मात्र शंका आली. "गौरीपुढे मीठ मांडतात का रे?" ती म्हणाली. मग स्वतःच विचार करून म्हणाली, "पानात पहिलं काय वाढतात? मीठच ना. मग चालेल."

मला दुसरीच काळजी होती. आमच्या खात्यातले वरचे अंमलदार त्याच गल्लीत पाच घरे सोडून राहत. मी आईला म्हणालो, "यंदा अंमलदारांच्या घरी बोलावणं करू नकोस."

"सवाष्ण वगळू? आणि ती दारावरून जाईल तेव्हा मी काय तोंड लपवू? काहीतरीच बोलतोस. गल्लीत बोलावणं म्हणजे गल्लीत बोलावणं."

खरे कारण सांगितले असते तर फांदी तुसांत परत गेली असती. ते मला नको होते. बायकोचे कौतुक व्हावे, वकिलीणबाईंची बोलती बंद व्हावी, हे मला हवे होते.

त्या संध्याकाळी मी तलावावर गेलो नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड बसलो आणि फटीतून बघितले. बायकोने सगळी आरास बदलली होती. गव्हाचे शेत होते, डाळीची नदी होती, पण बाकी काही नव्हते. पोपट नाही, होडी नाही. नदी जिथे संपते तिथे काळ्या घोंगडीच्या तुकड्यावर ती फांदी उभी होती, आणि तिच्या पलीकडे झोपाळ्यात गौर. दिवेलागण झाली. आईने दोन्ही बाजूंच्या समया लावल्या.

मी पुष्कळ देवळे पाहिली आहेत. त्या खोलीत त्या क्षणी जे झाले तसे मी पुन्हा कुठे पाहिले नाही. दोन्ही समयांचा उजेड त्या फांदीत शिरला आणि तिथेच राहिला. प्रत्येक खड्यात एक समई पेटली. बायका आत येत होत्या, उंबऱ्याशी थबकत होत्या, आणि मागून येणारीला धक्का लागून पुढे सरकत होत्या. कोणी बोलत नव्हते. एका म्हाताऱ्या बाईंनी नमस्कार केला तो गौरीला की फांदीला ते मला कळले नाही, आणि बहुधा त्यांनाही कळले नसावे.

शेवटी वकिलीणबाई बोलल्या. "हे काय आहे गं?" आवाज अगदी साधा होता.

बायको म्हणाली, "मीठ."

"थट्टा करतेस का माझी?"

तेव्हा अंमलदारांच्या घरातल्या पुढे झाल्या, खाली पडलेला एक कण बोटाने उचलून त्यांनी जिभेला लावला आणि म्हणाल्या, "अगं बाई, खारट आहे." मग मात्र सगळ्या हसल्या, आणि खोलीत पुन्हा बोलणे सुरू झाले. बायको हसली नाही. ती फांदीकडे बघत होती. तिचा चेहरा तसा मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

अंमलदारांच्या घरातल्यांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांनी घरी जाऊन आनंदाने सांगितले, एवढेच.

चौथ्या दिवशी अंमलदार चौकीत येऊन माझ्या समोर बसले. "तुमच्या घरी मिठाचं झाड उगवलंय म्हणे," ते म्हणाले. "आमच्या मंडळी रोज त्याचंच बोलतात. बी कुठून आणलंत?"

ते हसत होते. त्या हसण्यात मला सुटायला जागा होती. मी जर म्हणालो असतो, की मीच मागितले, परवाना लिहायचा राहिला, तर मला चार शब्द ऐकावे लागले असते, कदाचित बढती एक वर्ष लांबली असती. त्याहून जास्त काही झाले नसते. हे मी आज सांगू शकतो. तेव्हा मात्र मी म्हणालो, "भाजीवालीनं आणून दिलं. कुठून आणलं ते मी विचारलं नाही."

त्यांचे हसणे थांबले. मिठाच्या कारकुनाच्या घरी, मिठागरातून, चोरून. त्यांनी मालकाला बोलावले आणि मालकाने तिला. ती चौकीबाहेर उन्हात उभी राहिली. अंमलदारांनी खिडकीतून विचारले, "कोणाच्या सांगण्यावरून नेलंस?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या कागदावर लिहीत होतो. काय लिहीत होतो ते मला माहीत नाही, पण हात चालू होता. थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, "बायला आवडेल म्हनून नेली."

मालकाने त्याच दिवशी नवरा-बायकोला आगरातून काढले. सहा वाफ्यांवर दुसरे जोडपे आले. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पोचली. "आता डाळीच्या डब्यांकडेही लक्ष ठेवायला हवं," असे कोणीतरी म्हणाले, आणि दुसऱ्या सकाळी ती पाटी घेऊन आली तेव्हा एकाही दाराने तिला बोलावले नाही. आमचेही दार बंद होते. ते मी बंद केले होते. ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली, परत फिरली, आणि पुन्हा तिथे आली नाही. ती दोघे खाडीकाठच्या दिवा गावी, तिच्या माहेरी गेली, असे मला पुढे कळले.

बायकोने मला एकच वाक्य म्हटले. "तुम्ही मागितलंत म्हणून तिनं आणली." मी म्हणालो, "हे पुन्हा बोलायचं नाही." ती बोलली नाही. फांदी अक्षय्य तृतीयेपर्यंत चुलीजवळ होती. खाडीवरचा ओला वारा सुटला तसे खडे विरघळू लागले, आणि एके दिवशी तिथे करवंदीची काळी, ओली काटकी राहिली. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत बायकोने गौर बसवली, पन्हे केले, डाळ केली, ओटी भरली. पण पायऱ्यांवर तिने कोरलेली एकही वस्तू मांडली नाही. मला बढत्या मिळत गेल्या. दोन वर्षांपूर्वी बायको वारली. शेवटच्या दुखण्यातही तिने तो विषय काढला नाही. मी काढावा म्हणून ती थांबली होती की काय, हे आता विचारता येत नाही.

तिचे वर्ष झाल्यावर मी दिव्याला गेलो. गावात विचारत विचारत घर सापडले. ती आगरातली बाई ओट्यावर जाळ्याची दोरी वळत बसली होती. केस पांढरे, कुंकू ठसठशीत. नवरा आत खोकत होता. तिने मला लगेच ओळखले.

मी उभ्या उभ्याच सांगितले. मागितले मी, आळ तुझ्यावर घातला मी. ती दोरी वळत राहिली.

"बसा दादा," ती म्हणाली. "मना ठाऊक हाय ते. मी तिथंच व्हते."

"तेव्हा तू माझं नाव का घेतलं नाहीस?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले," ती म्हणाली.

मी बसलो. आतून नवऱ्याने विचारले, "कोन आलंय गो?" तिने उत्तर दिले, "मिठाचे कारकून." आत खोकला थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

मी म्हणालो, की मी गावातल्या चार माणसांसमोर हे सांगायला तयार आहे, तुझ्या नावावरचा डाग जाईल. यावर ती पहिल्यांदाच हसली. "हितं कुनाला सांगता? हितं मना कोनी चोर म्हनत नाय. आगरी मानसाला ठाऊक हाय, कारकुनाच्या घरी मीठ कसं जाते." मग दोरी मांडीवर ठेवून ती म्हणाली, "मना चोर म्हनली तुमची गल्ली. एका दारानं हाक नाय दिली. मी त्या दारांत धा वर्सं भाजी दिली, पोरांची नावं ठाऊक व्हती मना. सांगायचं तर तितं सांगा."

तिने मागितले ते एवढेच होते, आणि इतक्या वर्षांत ते माझ्या डोक्यातच आले नव्हते. मी अब्रूचा विचार करताना तिच्या गावाचा केला होता. माझ्या गल्लीतही तिची अब्रू होती, हे मला सुचले नव्हते.

गेल्या चैत्रात मी ते केले. गल्लीत आता थोरली आरास वकिलांच्या घरी असते. हळदीकुंकू ऐन रंगात असताना मी दाराशी जाऊन उभा राहिलो. पुरुष आला म्हणून आत पदर सावरले गेले, कुजबूज झाली. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितले. लांबवले नाही. फांदी मी मागितली. चौकीवरून मी सोडली. विचारले तेव्हा खोटे मी बोललो. ती बाई चोर नव्हती.

बऱ्याच तरुण सुनांना मी कशाबद्दल बोलतो आहे तेच कळले नाही. वकिलीणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही. त्या म्हणाल्या, "आम्हाला का माहीत नव्हतं? मिठाच्या कारकुनाच्या घरी भाजीवाली आपण होऊन मिठाचं झाड आणेल? आम्ही काय दुधखुळ्या होतो?"

"मग दार का लावलंत?" मी विचारले.

त्या म्हणाल्या, "तुमचं दार लागलेलं पाहिलं." आणि थोड्या वेळाने, कोणाला उद्देशून नव्हे तशा, म्हणाल्या, "काय उजेड होता त्यात. अजून डोळे मिटले की तेवढा दिसतो."

मी पुन्हा दिव्याला जाऊन तिला हे सगळे जसेच्या तसे सांगितले. कोण कोण होते ते तिने विचारले. मी घरे सांगत गेलो आणि ती बोटांवर मोजत, राहिलेल्यांचे विचारत गेली. अंमलदारांच्या घरातल्या? त्या केव्हाच गेल्या. कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या? त्याही. मी सांगितलेल्या, नमस्कार केला होता त्या म्हाताऱ्या? त्या तर त्याच वर्षी गेल्या.

"ह्या चोर म्हनूनच गेल्या मना," ती म्हणाली. रागाने नव्हे. हिशेबात न बसणारी एखादी गोष्ट बाजूला काढून ठेवावी तशी. "त्यांच्या पोरींना, नातींना त्या सांगून गेल्या असतील. त्यांना कोन सांगनार?"

मी म्हणालो, "मी लिहून काढतो. छापून आलं तर त्या वाचतील."

तिला लिहिता-वाचता येत नाही. तिने विचारले, "त्यात फांटी कशी व्हती ते लिवशाल?"

"लिहीन."

"डोला आलेली व्हती ते लिवा. घाईची नव्हती."

तर त्या सगळ्यांच्या मुलींनी आणि नातींनी हे वाचावे. ती फांदी मी मागितली होती, ती माझ्या शब्दावर चौकीबाहेर आली, आणि माझ्या भित्रेपणामुळे एका निर्दोष बाईला तुमच्या आयांनी आणि आज्यांनी चोर म्हटले. ती फांदी सावलीत आठ दिवस धरवलेली होती. तिच्या प्रत्येक खड्याला डोळा होता.